चार्ज चालत्या पंपापाशी

माहूलच्या रिफायनरीत लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमच्या शिफ्ट इन्चार्जनी बजावलं होतं, "चार्ज कंट्रोल रूममध्ये बसून द्यायचा नाही. जो पंप चालू आहे त्याच्यापाशी उभं राहून द्यायचा. घेणाऱ्याला आवाज ऐकू दे, बेअरिंग हाताला किती गरम लागतंय ते कळू दे. मग लॉगबुकात सही." मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. चेंबूरच्या घाटल्याहून सायकलने कामावर जायचो. रात्रपाळी असली की आई झोपायच्या आधी गच्चीवर जाऊन फ्लेअरची ज्वाळा बघून यायची. ज्वाळा नेहमीपेक्षा मोठी दिसली की प्लांटमध्ये काहीतरी बिनसलंय आणि सकाळी पोरगा उशिरा येणार, एवढं तिला कुणी न शिकवता कळत होतं. जुन्या चेंबूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

पुढे २०१० मध्ये मी बहारीनला गेलो आणि तेरा वर्षं तिथेच तेलधंद्यात काढली. सुट्टीच्या दिवशी सखीरच्या मोटार शर्यतींच्या ट्रॅकवर मार्शल म्हणून उभा राहायचो. सहा-सहा, आठ-आठ तासांच्या शर्यती कठड्यामागून, हातात झेंडा धरून बघितल्या.

गेल्या महिन्यात चेंबूरमधल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं-मुली घरी आली. ती फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बनवतात. कॉलेजात त्यांनी एक चर्चा ठेवली होती. जगभर फिरणारी, लांब पल्ल्याच्या स्पोर्ट्स कार शर्यतींची अजिंक्यपद स्पर्धा नव्याने आखायची झाली तर ती कशी आखावी? "काका, तुम्ही तिथे काम केलंय, तुम्ही बोला," म्हणाले. वीस मिनिटं बोललो. सांगायचं बरंच राहून गेलं, ते इथे लिहितो.

आपल्याकडे मोटार शर्यत म्हटलं की फॉर्म्युला वन डोळ्यांसमोर येते. एक गाडी, एक चालक, दीड-दोन तासांत निकाल. लांब पल्ल्याच्या शर्यतीची जातच निराळी. इथे एका गाडीला दोन किंवा तीन चालक असतात. ते पाळीपाळीने चालवतात. पेट्रोल, टायर आणि चालक बदलण्यापुरती गाडी पिटमध्ये येते आणि पुन्हा निघते. ठरलेल्या तासांत जी गाडी सर्वांत जास्त अंतर कापते ती जिंकते. शिवाय एकाच ट्रॅकवर, एकाच वेळी, वेगवेगळ्या वर्गांच्या गाड्या धावतात. एकीकडे खास शर्यतीसाठी घडवलेले प्रोटोटाइप आणि त्यांच्यातच शोरूमच्या गाडीशी नातं सांगणाऱ्या जीटी गाड्या. फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत १९२३ पासूनची. त्या परंपरेतली जागतिक स्पर्धा १९५३ मध्ये सुरू झाली, १९९२ मध्ये बंद पडली आणि वीस वर्षांनी, २०१२ मध्ये, वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिप या नावाने पुन्हा उभी राहिली. त्या पहिल्याच हंगामातल्या आठ शर्यतींपैकी एक सप्टेंबरात बहारीनला होती, आणि मी तिथे होतो.

मला तिथे नेलं ते एका मल्याळी सहकाऱ्याने. "तू शिफ्टचा माणूस आहेस, तुला उभं राहायची सवय आहे," एवढंच म्हणाला. मार्शल म्हणजे स्वयंसेवक, पगार नाही. दोन-तीन शनिवार प्रशिक्षण झालं: कुठला झेंडा कधी, आग विझवायचं सिलिंडर कुठून धरायचं, रेडिओवर किती कमी शब्दांत बोलायचं. आमच्यात भारतीय बरेच होते. मराठीही निघाले, एक रत्नागिरीचा, एक नाशिकचा. त्या वर्षी करुण चंधोक जेआरएम संघाची गाडी चालवत होता. जूनमध्ये तो ल मान्सला धावणारा पहिला भारतीय ठरला होता आणि त्याची गाडी तिथे सहावी आली होती. सप्टेंबरातल्या त्या भाजणाऱ्या उन्हात ती गाडी आमच्या समोरून गेली की पोस्टवरचे आम्ही चौघे भारतीय न ठरवता एकमेकांकडे बघायचो.

सखीरचा ट्रॅक ५.४१२ किलोमीटरचा, पंधरा वळणांचा. तिथून जवळच जबल दुखानच्या पायथ्याशी १९३२ मध्ये आखाताच्या अरबी किनाऱ्यावरचं पहिलं तेल लागलं. माझी पोस्ट बहुतेक वर्षं दहाव्या वळणापाशी असायची. नववं आणि दहावं ही डावीकडची जोडवळणं. रस्ता उतरता, आणि गाडी वळत असतानाच चालकाला ब्रेक मारावा लागतो. आतलं पुढचं चाक हलकं पडतं, लॉक होतं आणि टायरमधून निळसर धूर निघतो. पहिल्या तासात हे क्वचित दिसतं. चौथ्या-पाचव्या तासाला, टायर झिजलेले आणि माणूस दमलेला असताना, दर दोन-चार लॅपला दिसतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला रबराच्या गोळ्या साचत जातात. आम्ही त्यांना मार्बल म्हणायचो. शर्यत संपल्यावर ट्रॅकवरून चालत गेलं की त्या बुटांना चिकटायच्या, आणि घरी आल्यावर दारातच बूट काढून खरवडाव्या लागायच्या.

पण दहाव्या वळणाचं खरं शिक्षण अंधार पडल्यावर. बहुतेक शर्यती दुपारी सुरू होऊन रात्री संपायच्या. सूर्य गेला की गाडीचा रंग, नंबर काही दिसत नाही. दिसतात फक्त दिवे. पांढरे दिवे म्हणजे प्रोटोटाइप, पिवळे म्हणजे जीटी. समोर पिवळी जोडी वळणात शिरत असते, तिच्या ब्रेकच्या डिस्क तापून लाल झालेल्या असतात, आणि मागून पांढरी जोडी येते ती इतक्या वेगाने की निळा झेंडा हलवायला तुमच्याकडे दीड-दोन सेकंद असतात. निळा झेंडा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय ही सूचना. लांब पल्ल्याच्या शर्यतीत पुढे जाणाऱ्याने जबाबदारीने जायचं असतं आणि मागे राहणाऱ्याने आपली रेषा सोडायची नसते. संथ गाडीने घाबरून मध्येच बाजू बदलली तर दोघेही जातात. कुठल्याही रात्री, कुठल्याही महागड्या गाडीपेक्षा मी हे बघत राहायचो: दोन अनोळखी माणसं, वेगात एवढी तफावत, आणि एकमेकांवर एवढा भरवसा.

एका आठ तासांच्या शर्यतीत एक जीटी गाडी आमच्यासमोर गर्रकन फिरली आणि उलट तोंडाने, येणाऱ्या गाड्यांकडे बघत बंद पडली. आम्ही दोन पिवळे झेंडे हलवायला घेतले, पोस्टच्या प्रमुखाने रेडिओवर कळवलं. गाडीत हौशी चालक होता, हे आमच्याजवळच्या यादीवरून आणि हेल्मेटवरून कळत होतं. इंजिन सुरू झालं, पण त्याने घाई केली नाही. आमच्याकडे बघितलं. दोन प्रोटोटाइप गेल्या, एक जीटी गेली, मग मी हाताने खूण केली आणि तो वळला. पाऊण तासाने तीच गाडी पुन्हा वळणावर आली ती वेगळ्या हेल्मेटची. आता आत व्यावसायिक चालक होता. तेच टायर त्याने तीन-चार लॅप जपून गरम केले, आणि मग दर लॅपला एकाच ठिकाणी ब्रेक, एकाच ठिकाणी चाक आत. मला त्या क्षणी माहूलचा पंप आठवला. चालू यंत्र एकाने दुसऱ्याच्या हातात दिलं होतं, आणि देताना काय झालं, कुठे घसरली, ब्रेकचं पेडल किती खोल जातंय, हे सगळं पिटमधल्या काही सेकंदांत, पट्टे आवळता-आवळता सांगितलं गेलं असणार.

कॉलेजातल्या मुलांना म्हणूनच पहिलं हेच सांगितलं, की स्पर्धा आखायची तर या चार्ज देण्या-घेण्याभोवती आखा. आणि चार्ज घेणाऱ्यांत एक जण हौशी असलाच पाहिजे, हा नियम शेवटपर्यंत सोडू नका.

या स्पर्धेत चालकांचे चार दर्जे आहेत: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ. ब्राँझ म्हणजे हौशी. कुणी कारखानदार, कुणी डॉक्टर, कुणी वयाच्या चाळिशीत शर्यतीकडे वळलेला. जीटीच्या वर्गात गाडीमागे एक ब्राँझ सक्तीचा असतो आणि त्याने ठरावीक किमान वेळ गाडी चालवावीच लागते. बऱ्याच संघांत खर्चाचा मोठा वाटाही तोच आणतो. काही लोक याला नाक मुरडतात. जागतिक स्पर्धेत हौशी माणसं कशाला, म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. मोठे कारखाने येतात आणि जातात, हे मी ट्रॅकवर उभं राहून बघितलं आहे. १९ नोव्हेंबर २०१६ ला बहारीनच्या सहा तासांच्या शर्यतीत ऑडीने पहिला-दुसरा नंबर घेतला, आणि ती त्यांची वरच्या, प्रोटोटाइपच्या वर्गातली शेवटची शर्यत होती. पोर्शचा चालक मार्क वेबर याचीही ती शेवटची शर्यत. शर्यत संपल्यावरच्या सावकाश लॅपला मार्शल सगळे झेंडे घेऊन कठड्यापाशी येतात आणि हलवतात, चालक हात करतात; त्या रात्री काही जण आमच्या पोस्टपाशी अगदी पायी चालल्यासारखे गेले. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच ट्रॅकवर, पोर्शच्या ९१९ ने निरोप घेतला. वरच्या वर्गात मोठा कारखाना म्हणून टोयोटा एकटी उरली. त्या पडत्या काळात ट्रॅक भरलेला ठेवला तो खालच्या वर्गांनी, लहान संघांनी आणि त्यांच्या ब्राँझ चालकांनी. कारखान्याच्या संचालक मंडळाने एका बैठकीत ठरवलं की गाड्या परत जातात. स्वतःच्या हौसेने आलेला माणूस एवढ्या लवकर जात नाही.

दर्जे ठरवण्यात मात्र खोट आहे. कारकिर्दीच्या कागदावरून दर्जा ठरतो, त्यामुळे कार्टिंगपासून तयार झालेला विशीतला एखादा जबरदस्त वेगवान मुलगा सिल्व्हर म्हणून येतो आणि त्याच्या समोर खराखुरा सिल्व्हर हतबल होतो. संघ असे मुलगे शोधतच असतात. हंगामाच्या मध्यावर ट्रॅकवरची वेळ बघून दर्जा बदलता यायला हवा, आणि तो बदलण्याचा अधिकार संघांशी काही देणं-घेणं नसलेल्या माणसांकडे हवा.

वरच्या वर्गाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे गेल्या काही वर्षांत शहाणपण आलेलं दिसतं. २०२१ पासून हायपरकार हा वर्ग आला. जुन्या वर्गातल्या गाड्यांवर कारखाने वाटेल तेवढा पैसा ओतत होते. इथे वजन, ताकद, हवेचा दाब यांना मर्यादा आल्या. अमेरिकेतल्या मालिकेशी मेळ घातला गेला. त्यामुळे ठरलेल्या चार बनवणाऱ्यांपैकी एकाचा सांगाडा आणि सगळ्यांना सारखी हायब्रिड यंत्रणा घेऊन बनवलेली एकच गाडी दोन्ही खंडांत धावू शकते. २०२४ मध्ये हायपरकारच्या १९ गाड्या होत्या आणि जीटीच्या १८, नऊ कारखान्यांच्या दोन-दोन. एवढी गर्दी मी तिथे असताना कधी बघितली नाही. एकाच गाडीला दोन स्पर्धांची दारं उघडी ठेवणं, हा नियम पुढेही टिकवावा. आणि २०२२ पासून या गाड्यांत वाइन बनवून उरलेल्या गाळापासून तयार केलेलं इंधन घालतात. रिफायनरीत आयुष्य गेलेल्या माणसाला याचं कौतुक वाटल्याशिवाय कसं राहील? नाशिकच्या द्राक्षबागांतून जाताना आता माझ्या मनात वेगळेच हिशेब सुरू होतात.

सगळ्यांत वादाचा विषय म्हणजे गाड्यांना समान पातळीवर आणणं. या व्यवस्थेला बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स म्हणतात. वेगवान गाडीवर वजन चढवायचं किंवा तिची ताकद कमी करायची, संथ गाडीला सूट द्यायची. मुलांना हे समजावताना मी महालक्ष्मीच्या रेसकोर्सचं उदाहरण दिलं. हँडिकॅपच्या शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर शिशाचं वजन जास्त असतं, आणि ते किती असणार हे घोडा ट्रॅकवर यायच्या आधी छापून आलेलं असतं; तिकीटवाल्यालाही माहीत, घोडेवाल्यालाही माहीत. इथेही तसंच हवं. २०२३ मध्ये ल मान्सच्या शताब्दी शर्यतीला जेमतेम दहा दिवस उरले असताना वजनं बदलली गेली. टोयोटावर ३७ किलो चढले, फेरारीवर २४. शर्यत फेरारीने जिंकली. ५० वर्षांनी वरच्या वर्गात परतलेल्या फेरारीचा तो विजय मोठाच होता, त्यांच्या चालकांचं श्रेय कुणी काढून घेऊ शकत नाही. पण दहा दिवस आधी बदललेल्या वजनांमुळे त्या विजयाला कायमची एक शंका चिकटली, आणि हे जिंकणाऱ्यावरही अन्यायाचं आहे. हंगामाचं कोष्टक सुरुवातीला जाहीर करा, कोणत्या आकडेमोडीने बदल होईल ते सूत्रही जाहीर करा, आणि ल मान्सच्या आधी दोन महिने पेन खाली ठेवा. संघांनी या विषयावर जाहीरपणे बोलू नये असा नियम केला गेला, तोही मला चुकीचा वाटतो. कारखान्यात ज्या गोष्टीबद्दल बोलायची बंदी असते, तिथेच पुढे गळती सापडते.

शर्यत चालू असताना सूचना देणाऱ्या रेस कंट्रोलचंही तसंच. २०२१ च्या हंगामातल्या शेवटच्या शर्यतीत, ६ नोव्हेंबरला बहारीनमध्ये, जीटीच्या व्यावसायिक वर्गात पोर्श आणि फेरारी सारख्याच गुणांवर आली होती. शेवटची काही मिनिटं राहिली असताना फेरारीचा धक्का लागून पोर्श फिरली. फेरारीला जागा परत द्यायला सांगण्यात आलं, मग ती सूचना मागे घेण्यात आली, मध्येच पोर्श पेट्रोलसाठी पिटमध्ये गेली, आणि अजिंक्यपद फेरारीला मिळालं. कुणाचं चुकलं यात मी पडत नाही. त्या रात्री मार्शलांच्या बसमध्ये निम्मे लोक एका बाजूने बोलत होते, निम्मे दुसऱ्या. माझं म्हणणं एवढंच, की आठ तास चाललेल्या यंत्राचा शेवटचा चार्ज देताना एक सूचना आणि ती एकदाच दिली गेली पाहिजे. वेळ कमी असेल तर काय शिक्षा, हे आधीच लिहिलेलं असावं, म्हणजे त्या मिनिटाला कुणाला विचार करत बसावं लागणार नाही.

गुणांबद्दल फार बोलत नाही. ल मान्सला दुप्पट आणि आठ-दहा तासांच्या शर्यतींना दीडपट, ही पद्धत ठीक आहे. शर्यती मात्र आठच्या वर नेऊ नयेत. ते सांगताना मला माझी पोस्ट आठवते. २०२१ मध्ये बहारीनला लागोपाठच्या दोन शनिवारी शर्यती झाल्या, ३० ऑक्टोबरला सहा तासांची आणि पुढच्या आठवड्यात आठ तासांची. मधल्या दिवसांत आम्ही आपापल्या नोकऱ्या केल्या. शर्यतीच्या दिवशी मार्शल पहाटे निघतो, बसने पोस्टवर पोचतो, दुय्यम शर्यती असतात, मग मुख्य शर्यत, मग ट्रॅक साफ. घरी येईपर्यंत मध्यरात्र उलटते. दुसऱ्या शनिवारी सातव्या तासाला आमच्या पोस्टवर एकाने वेगळाच झेंडा उचलला. नशिबाने शेजाऱ्याने त्याचा हात धरला आणि काही झालं नाही. तो माणूस चांगला होता, दहा वर्षांचा अनुभवी होता. दमला होता, एवढंच. चालकाने सलग किती वेळ चालवायचं याला मर्यादा आहे, ती मोजायला माणूस आहे. मार्शलची पाळी मोजायला कुणी नव्हतं. स्पर्धेच्या नियमपुस्तकातच लिहा: आठ तासांच्या शर्यतीला प्रत्येक पोस्टवर दोन पाळ्या, आणि चार्ज उभ्याने, ट्रॅककडे तोंड करून.

मुलांनी मग तो प्रश्न विचारला जो येणारच होता. "काका, आपल्याकडे कधी?" ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, जागतिक दर्जाचा. तिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली, २०२३ मध्ये मोटोजीपी झाली. अडलं ते ट्रॅकवर नव्हे. कर, जकात, परवाने यांवर अडलं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की फॉर्म्युला वनच्या कंपनीची त्या तीन दिवसांची हजेरीही इथे करपात्र ठरते. कायद्याचं कायद्यापाशी, पण बाहेरून चाळीस गाड्या, त्यांचे टायर आणि सुटे भाग आणणाऱ्याला आल्यापासून जाईपर्यंत किती भरावं लागेल हे एका कागदावर आधी मिळालं पाहिजे. तोवर तो इथे येणार नाही.

आणि मला घाईही नाही. जागतिक स्पर्धेच्या खाली आशियाई ल मान्स मालिका आहे, तिच्या विजेत्यांना ल मान्सचं आमंत्रण मिळतं. ही शिडी या सगळ्या रचनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. २०२१ च्या फेब्रुवारीत दुबई आणि अबू धाबीला त्या मालिकेत रेसिंग टीम इंडिया नावाने एक गाडी उतरली होती. नारायण कार्तिकेयन, अर्जुन मैनी आणि नवीन राव, तिघे एका गाडीत. अशा शिडीच्या खालच्या पायऱ्या आपण बांधायच्या. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे आहे. कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्ट चालवणारी पोरं आहेत, आणि त्याच गावचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. साध्या, बाजारात मिळणाऱ्या गाड्या घ्या, तीन चालक, त्यात एक हौशी, सहा तास. वर्षातून दोन शर्यती. दहा वर्षांत चालक तयार होतील, मेकॅनिक तयार होतील आणि मुख्य म्हणजे मार्शल तयार होतील. १९८० मध्ये मुंबईहून हिमालयन रॅली निघाली तेव्हा वडील मला तिच्या बातम्या पेपरातून वाचून दाखवायचे. त्यानंतर या शहराने मोटार खेळाकडे पाठ फिरवली असं मला वाटतं, आणि ते मनाला लागतं.

चर्चा संपल्यावर मुलं मला त्यांच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेली. फॉर्म्युला स्टुडंटच्या स्पर्धेत सर्वांत जास्त गुण ज्या फेरीला असतात तिचं नावही एन्ड्युरन्सच. २२ किलोमीटर, आणि मध्यावर गाडी बंद करून चालक बदलायचा, तीन मिनिटांत. गेल्या वर्षी त्यांची गाडी तिथेच अडली. पहिला मुलगा उतरला, मुलगी बसली, पट्टे आवळले, बटण दाबलं आणि तापलेलं इंजिन सुरूच झालं नाही. असे बरेच संघ तिथेच बाद होतात. मी विचारलं, उतरताना त्याने तिला काय सांगितलं? दोघांनी एकमेकांकडे बघितलं. काहीच नाही. तो इंजिनचं तापमान बघून उतरला होता, नेहमीपेक्षा बरंच जास्त होतं, पण ते त्याच्याच डोक्यात राहिलं.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यांचा सराव असतो. गाडी तापवून आणतात, बंद करतात, एक उतरतो, एक बसते. उतरणारा हेल्मेटला हेल्मेट टेकवून तीन गोष्टी सांगतो: तापमान, ब्रेक, टायर. बसणारी त्या मोठ्याने परत म्हणते. मग बटण. मी घड्याळ धरून उभा असतो. परवाच्या शनिवारी सात वेळा केलं, सातही वेळा गाडी सुरू झाली. सर्वांत चांगली वेळ एक मिनिट बावन्न सेकंद. जानेवारीत ती कोइमतूरला फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेला जाणार आहेत. तिथे मार्शल लागतात. मी नाव दिलं आहे, आणि चेंबूरहून आणखी चौघे आले तर बरं होईल.